मुतखड्याची कळ थांबली. पण खडा गेला का?

"बाळंतपण परवडलं, पण ही कळ नको," असे मुतखड्याने हैराण झालेली बाई सांगते, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावा. तिने दोन्ही सोसलेले असते. पुरुषांकडे तुलनेला असे काही नसते. ते नुसतेच गडाबडा लोळतात. बरगड्यांच्या खाली, पाठीच्या एका बाजूला सुरू झालेली कळ पोटाला वळसा घालून जांघेत उतरते. मळमळ, उलटी, दरदरून घाम. बसून चैन नाही, झोपून नाही, येरझाऱ्या घालूनही नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे दुखणे कुणाला नवे नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कोरड्या पट्ट्यात तर प्रत्येक वस्तीवर कुणी ना कुणी भेटतो, ज्याचा खडा 'पडलेला' असतो आणि कशाने पडला हे त्याला पक्के ठाऊक असते. "आमच्या दाजींचा हुलग्याच्या पाण्यानं पडला की!" पानफुटीची पाने, लिंबू-ऑलिव्ह तेल, बिअर, अमक्या गावच्या वैद्याची पुडी. सल्ल्यांना तोटा नाही.

मात्र हे सगळे सल्ले खड्याबद्दलचे असतात. कळ का येते, तिच्यावर नेमके काय लागू पडते आणि ती आपोआप थांबली तर त्याचा अर्थ काय, याविषयी फारसे कुणी बोलत नाही. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर चुकले, तर एक किडनी गमवावी लागू शकते.

दुखते ते खड्याने नव्हे, तुंबल्याने

बहुतेकांची समजूत अशी, की खडा काटेरी असतो, आत टोचतो, म्हणून दुखते. तसे असते तर किडनीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या मोठ्या खड्यांनी माणसाला जगू दिले नसते. प्रत्यक्षात दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली जाते आणि दीड-दोन सेंटिमीटरचा खडा अचानक सापडतो. रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो.

दुखणे सुरू होते ते खडा किडनीतून निघून मूत्रवाहिनीत अडकला की. ही नळी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. तासगाव-पलूसच्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगायला नको. क्षार साचून ठिबकचा ड्रिपर चोक झाला की पुढे थेंब पडत नाही आणि मागे दाब वाढतो. फरक एवढाच, की ठिबकचा पंप बंद करता येतो. किडनी बंद करता येत नाही. ती लघवी तयार करतच राहते.

मागे लघवी तुंबते, किडनी फुगते, तिच्यावरचे आवरण ताणले जाते. या ताणामुळे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात आणि तीच आगीत तेल ओततात. त्यांच्यामुळे किडनीकडे येणारे रक्त वाढते, लघवी आणखी तयार होते, दाब आणखी चढतो. शिवाय मूत्रवाहिनीचे स्नायू खडा पुढे ढकलण्यासाठी पिळवटून आकुंचन पावतात. म्हणून कळ लाटांसारखी येते.

नळी तीन ठिकाणी विशेष अरुंद असते. किडनीतून ती निघते तिथे, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ती ओलांडते तिथे आणि मूत्राशयात ती शिरते तिथे. खडा कुठे अडकला, यावर दुखण्याची जागा बदलते. वर असेल तर कूस आणि पाठ, खाली उतरला तर जांघ, पुरुषांत अंडकोशापर्यंत. अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी आला, की पाच-पाच मिनिटांनी लघवीला लागते आणि थेंबभरच होते. यालाच अनेक जण उन्हाळी समजतात आणि सब्जा पीत बसतात.

त्यामुळे रिपोर्टवरचा आकडा म्हणजे दुखण्याचे माप नव्हे. "चारच एमएमचा तर खडा आहे, एवढं काय त्यात," असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवलेले बरे. चार मिलिमीटरचा खडा योग्य त्या (खरे तर अयोग्य) जागी अडकला, तर पैलवानालाही जमिनीवर लोळवतो.

स्वस्त इंजेक्शन, पण नेमके

प्रोस्टाग्लँडिनमुळे दाब वाढतो हे कळले, की औषधाची निवडही कळते. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके ही रसायने तयार होण्यावरच घाव घालतात. म्हणजे ती नुसती वेदना झाकत नाहीत, तर तुंबलेल्या किडनीतला दाबही कमी करतात. म्हणूनच मुतखड्याच्या कळेवर पहिले औषध म्हणून जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत याच गटाचे नाव येते.

याची मोठी परीक्षा कतारमधल्या दोहा येथे झाली. आखाती देशांत उष्म्यामुळे मुतखड्याचे रुग्ण भरपूर. तिथल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात सोळाशेहून अधिक रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला स्नायूत डायक्लोफेनॅकचे ७५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन, दुसऱ्याला शिरेतून पॅरासिटामॉल, तिसऱ्याला शिरेतून मॉर्फिन. अर्ध्या तासात वेदना निम्म्याने तरी कमी झालेल्यांचे प्रमाण डायक्लोफेनॅकच्या गटात ६८ टक्के, पॅरासिटामॉलच्या गटात ६६ टक्के आणि मॉर्फिनच्या गटात ६१ टक्के होते. हा अभ्यास २०१६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मॉर्फिनच्या गटात त्रासदायक दुष्परिणामही जास्त दिसले.

जतच्या पूर्व भागातल्या उमदीत किंवा माणमधल्या म्हसवडजवळच्या वाडीत रात्री अडीच वाजता कळ उठलेल्या माणसासाठी याचा अर्थ फार मोलाचा आहे. या दुखण्यावरचे सर्वांत चांगले पहिले औषध फक्त मिरजेच्या किंवा कराडच्या मोठ्या रुग्णालयातच मिळते असे नाही. ते साधे, स्वस्त, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येण्यासारखे इंजेक्शन आहे. त्यामुळे तसेच तळमळत दीड-दोन तासांचा रस्ता गाठण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात कळ थांबवून घ्यावी आणि मग पुढे जावे. वाहन नसेल तर १०८. उलट्या होत असतील तर तोंडाने घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. इंजेक्शन किंवा गुदद्वारात ठेवायची गोळी उपयोगी पडते.

आपल्याकडे डायक्लोबरोबर पेटके सोडवणारे इंजेक्शनही सर्रास टोचले जाते. ते चूक नाही, पण एकट्याने त्याचा फारसा उपयोग होत नाही. ट्रामाडॉल, मॉर्फिन ही औषधे पहिल्या उपायाने भागले नाही तर वापरायची.

हे इंजेक्शन मात्र सगळ्यांना चालत नाही. किडनीचे काम आधीच मंदावलेले असेल, एकच किडनी असेल, पोटात अल्सर असेल, हृदयविकार असेल, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, दम्याच्या रुग्णाला वेदनाशामकाने दम लागत असेल किंवा गरोदरपण असेल, तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. रात्रीच्या गडबडीत हे राहून जाते. अशा रुग्णांना पॅरासिटामॉल शिरेतून देता येते. वरच्या आकड्यांत पाहिले, तर तेही फार मागे नाही.

आणि एक धोका. एकदा आराम पडला, की तीच गोळी मेडिकलमधून पट्टीने आणायची आणि कळ आली की घ्यायची, अशी सवय लागते. शरीरात पाणी कमी असताना, उन्हातान्हात राबताना ही गोळी दिवसेंदिवस घेतली, तर किडनीला ती स्वतःच अपाय करते. दोन-तीन दिवसांत भागत नसेल, तर गोळी वाढवायची वेळ नसते, तपासणी करायची असते.

घरी तोवर काय करायचे

गरम पाण्याची पिशवी कुशीला धरा. आजीचा उपाय वाटतो खरा, पण त्याला आधार आहे. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात रुग्णवाहिकेतून नेताना मुतखड्याच्या रुग्णांच्या पोटा-कमरेला गरम करणारे पांघरूण गुंडाळले, तेव्हा वेदना लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा. वेदनेच्या भरात कातडी भाजलेली कळत नाही.

पाण्याचे मात्र उलटे आहे. कळ उठली, की घरचे लोक तांब्यावर तांब्या पाणी पाजतात; खडा 'धुऊन' निघेल या आशेने. दरवाजे बंद असताना कोयना धरणात आणखी पाणी सोडण्यासारखे आहे हे. नळी अडलेली, मागे दाब वाढलेला आणि वरून आणखी लघवी तयार करायची! जबरदस्तीने पाणी पाजल्याने किंवा सलाइन धो-धो चढवल्याने खडा लवकर पडतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट्यांमुळे अंगातले पाणी कमी झाले असेल तर सलाइन लागते, ते वेगळे. एरवी तहानेपुरते घोट घोट पाणी पुरे. लिटरने पाणी पिण्याचा सल्ला योग्यच आहे, पण कळ शमल्यावर पाळण्याचा.

रुग्णाला एकट्याला मोटारसायकलवर पाठवू नका. जुने रिपोर्ट, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या. पुढचे काही दिवस लघवी गाळणीतून किंवा पातळ फडक्यातून गाळा. वाळूच्या कणासारखा का होईना, खडा सापडला तर तो जपून डॉक्टरांना दाखवा. त्याचे पृथक्करण केले, तर पुढचे पथ्य नेमके सांगता येते. शिवाय खडा पडल्याचा तोच एकमेव रोकडा पुरावा.

प्रत्येक कळ मुतखड्याचीच असते असेही नाही. मुतखड्याचा रुग्ण तळमळतो, जागा बदलत राहतो. पोटात आतडे फुटले असेल किंवा जंतुसंसर्ग पसरला असेल, तर रुग्ण हलायलाही घाबरतो, निपचित पडून राहतो. हा फरक घरच्यांनाही ओळखता येतो. साठीपुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली तर पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली नाही ना, हे पाहावे लागते. पाळी चुकलेल्या बाईला गर्भनलिकेतल्या गर्भाची शंका घ्यावी लागते. मुलाच्या अंडकोशात अचानक दुखू लागले तर तो पिळवटलेला असू शकतो आणि तिथे काही तासांचाच अवधी असतो. 'आमच्या घराण्यातच खडे आहेत' म्हणून यांपैकी काहीही अंगावर काढू नये.

कळ थांबण्याचे दोन अर्थ

आता मूळ मुद्दा. तीन दिवस कळ आली, मग थांबली. रुग्ण खूश, घरचे खूश. पण कळ थांबण्याचे दोन अर्थ होतात आणि वरून ते अगदी सारखे दिसतात.

पहिला अर्थ चांगला. खडा मूत्राशयात उतरला, नळी मोकळी झाली. मूत्राशयातून बाहेर पडताना तो सहसा फारसा त्रास देत नाही.

दुसरा अर्थ असा, की खडा तिथेच आहे, पण किडनीने माघार घेतली. नळी पूर्ण अडून राहिली, की काही काळाने त्या बाजूची किडनी लघवी तयार करणे कमी करते. दाब उतरतो, ताण सैलावतो आणि दुखणे थांबते. लघवी नेहमीसारखी होत राहते, कारण दुसरी किडनी धडधाकट असते. रक्तातले क्रिएटिनिनसुद्धा बऱ्याचदा ठीक येते, त्याच कारणाने. पूर्ण अडथळा साधारण दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्या किडनीचे कायमचे नुकसान सुरू होऊ शकते. पुढे काही महिन्यांनी भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये लिहून येते, की किडनी सुजलेली आहे, तिचा गर पातळ झाला आहे. तोवर ती वाचवण्यासारखी राहिलेली नसते.

म्हणून कळ थांबल्यावर एकच प्रश्न विचारायचा: खडा डोळ्यांनी पाहिला का? पाहिला नसेल, तर दोन ते चार आठवड्यांत पुन्हा तपासणी हवीच. सोनोग्राफीत किडनीची सूज चांगली दिसते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा तिला अनेकदा सापडत नाही. साध्या एक्स-रेमध्ये युरिक आम्लाचे खडे दिसतच नाहीत. शंका असेल तर सीटी स्कॅन करावा लागतो, त्यात जवळपास सगळे खडे दिसतात. गरोदर महिलांत मात्र सोनोग्राफीच आधी.

याच दुसऱ्या अर्थामुळे गावठी औषधांचे नाव होते, हेही इथेच सांगून टाकू. पुडी घेतली, कळ थांबली, म्हणजे खडा विरघळला. पुन्हा तपासायला कोण जातो?

ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका

तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले, की किडनीत पू होतो. थंडी वाजून ताप, ग्लानी, रक्तदाब उतरणे. काही तासांत जिवावर बेतते. अशा वेळी नुसती अँटिबायोटिक पुरत नाहीत. अडलेला मार्ग मोकळा करावाच लागतो. आतून नळी घालून किंवा पाठीतून थेट किडनीत नळी टाकून. खडा काढण्याचे काम नंतर, ताप उतरल्यावर.

लघवी पूर्ण बंद होणे, एकच किडनी असलेल्याला कळ येणे, गरोदरपणी कळ येणे, इंजेक्शन देऊनही कळ न थांबणे, उलट्यांमुळे पाणीही न टिकणे, या सगळ्यांत थेट मोठे रुग्णालय गाठावे. मधुमेही रुग्णांनी तर तापाच्या बाबतीत जास्तच सावध राहावे.

हुलगा, पानफुटी आणि दहातले सात

हुलग्याचे माडगे हे माण-खटावचे अन्न आहे. ते प्यायला हरकत नाही. थंडीत तर जरूर प्यावे. पण ते औषध म्हणून कितपत चालते, हे पाहताना एक आकडा समोर ठेवावा. मूत्रवाहिनीतले पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे सुमारे ६८ टक्के रुग्णांत आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरचे सुमारे ४७ टक्के. म्हणजे लहान खड्याच्या दहा रुग्णांना हुलगा द्या, पानफुटी द्या, नाही तर नुसती गोष्ट सांगा; सहा-सात जणांचा खडा पडणारच. श्रेय ज्याने त्या आठवड्यात जे दिले त्याला मिळते.

आपल्याकडचे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. एकदा तयार झालेला असा खडा विरघळवणारे औषध कोणत्याही पॅथीत सिद्ध झालेले नाही. युरिक आम्लाचे खडे मात्र लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी खरोखर विरघळू शकतात. म्हणून कुणाचा तरी खडा औषधाने विरघळला असेल, यावर विश्वास ठेवायला जागा आहे. पण त्याचा खडा म्हणजे तुमचा खडा नव्हे. बिअरचा सल्ला तर निव्वळ निमित्त आहे. तिने लघवी वाढते, नंतर शरीर कोरडे पडते आणि युरिक आम्ल वाढते.

टॅम्सुलोसिन ही गोळी मूत्रवाहिनीचा खालचा भाग सैल करते. खाली उतरलेल्या पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांना तिची मदत होते. त्याहून लहानांना फारशी नाही. तिने काहींना उठताना चक्कर येते. प्रोस्टेटची गोळी मला का दिली, असे तरुणांनी विचारू नये. गोळी तीच आहे, काम वेगळे.

औषधाने काम होत नसेल तर शस्त्र, हा विचार आपल्याला परका नाही. 'सुश्रुतसंहिते'त अश्मरीवर आधी तूप-क्षारांचे उपचार सांगितले आहेत आणि ते लागू पडले नाहीत तर मूत्राशयातला खडा शस्त्राने काढण्याची रीत. शस्त्रक्रियेआधी राजाची परवानगी घ्यावी, कारण केली नाही तर मृत्यू नक्की आणि केली तरी यशाची खात्री नाही, असा सावधगिरीचा इशाराही तिथे आहे. आजच्या संमतिपत्राचाच पूर्वज म्हणायचा तो.

दुर्बीण, लेझर आणि विसरलेली नळी

सुदैवाने आता राजाला विचारावे लागत नाही. म्युनिकमध्ये ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णाचा खडा शरीराला छेद न देता, बाहेरून ध्वनिलहरींचे आघात करून फोडला गेला. ते यंत्र विमाने बनवणाऱ्या डॉर्निये कंपनीचे होते. आज मूत्रवाहिनीतला खडा लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने फोडता येतो आणि किडनीतला दोन सेंटिमीटरहून मोठा खडा पाठीतून छोटे छिद्र पाडून काढला जातो. कोणती पद्धत, हे खड्याचा आकार, जागा आणि कठीणपणा यांवर ठरते.

या भागात त्यासाठी पुण्या-मुंबईलाच जायला हवे असे नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून मिरज हे आजाऱ्यांचे गाव झाले आहे. आता तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. साताऱ्याकडच्यांना कराड जवळ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. २०२३ मधील निर्णयाने योजनेचे संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. मात्र कोणती प्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवावे.

शस्त्रक्रियेनंतर बऱ्याचदा मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट नावाची बारीक नळी ठेवतात. ती असेपर्यंत लघवीला सारखे लागते, लघवी करताना कुशीत चमक येते, कधी लघवी लालसर होते. त्रासदायक असले तरी हे अपेक्षित असते. खरी अडचण पुढे आहे. ही नळी कायमची नसते. सहसा काही आठवड्यांत काढायची असते. त्रास थांबला, कामाला लागलो, पैसे नाहीत, अशा कारणांनी ती राहून जाते. ऊसतोडीच्या हंगामाला आलेला मजूर फड संपला की गावी परततो आणि नळी पोटातच जाते. महिने उलटले, की तिच्यावरच खडे चढतात आणि तिला काढण्यासाठी आधीपेक्षा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. घरात एखाद्याला स्टेंट टाकला असेल, तर डिस्चार्जच्या दिवशीच तो काढण्याची तारीख मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा. कागद हरवतो, अलार्म वाजतो.

पाणी कसे, किती आणि कुणाला मिळते

एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पाच-दहा वर्षांत पुन्हा होतो. त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय पाण्याचा आहे आणि इटलीत त्याची परीक्षा झाली आहे. पहिल्यांदाच खडा झालेल्यांपैकी एका गटाला रोज दोन लिटर लघवी होईल एवढे पाणी प्यायला सांगितले. पाच वर्षांत त्यांच्यातील १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, तर नेहमीसारखे पाणी पिणाऱ्या गटात २७ टक्क्यांना. सल्ला पिण्याच्या पाण्याच्या लिटरचा नव्हता, होणाऱ्या लघवीचा होता. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी करणाऱ्याला तेवढी लघवी व्हायला चार लिटरही लागतील. साताऱ्यात पंख्याखाली बसणाऱ्याला अडीच पुरतील. लघवी पाण्यासारखी फिकट असावी, एवढीच खूण पुरे.

बोअरच्या जड पाण्यानेच खडे होतात, हे या पट्ट्यात गृहीत धरले जाते. हंड्याला पांढरा थर बसतो, तसाच किडनीत बसत असणार! तर्क पटण्यासारखा आहे, पण जड पाणी आणि मुतखडा यांचा थेट संबंध अभ्यासांत ठामपणे दिसलेला नाही. पाण्यातले थोडे कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला बांधून बाहेरही नेते. मला वाटते, जड पाण्याचा खरा तोटा वेगळा आहे. मचूळ पाणी पोटभर प्यायले जात नाही. फिल्टरने ते गोड लागत असेल आणि जास्त प्यायले जात असेल, तर फिल्टर जरूर बसवावा.

खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही तोडणे हा दुसरा गैरसमज. इटलीतल्याच दुसऱ्या अभ्यासात कॅल्शियम कमी केलेल्या गटाला जास्त खडे झाले. नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी, या आहाराने धोका जवळपास निम्मा झाला. मीठ वाढले, की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. तेव्हा टोमॅटोच्या बिया काढत बसण्यापेक्षा लोणचे, पापड आणि फरसाण आवरावे. पालक खायचा तर दह्याबरोबर. लिंबू पाणी चांगले. त्यातले सायट्रेट खडा बनू देत नाही. त्यात मीठ घालू नये.

भट्टीजवळचे काम हाही धोका आहे. इटलीतल्या काच कारखान्यात आणि ब्राझीलमधल्या पोलाद कारखान्यात उष्ण विभागातल्या कामगारांना खडे जास्त झाल्याचे आढळले आहे. विटा-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या भट्ट्या घेऊन देशभर पसरले आहेत. त्यांच्या घरी हा लेख कुणी पाठवला, तर वाया जाणार नाही.

राहता राहिल्या त्या बायका. उसाच्या फडात पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन दिवसभर बसणाऱ्या, एसटीत तिकिटे फाडणाऱ्या. त्या पाणी कमी पितात ते अज्ञानाने नव्हे. जायला आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासूनच पाणी तोडतात. डॉक्टर त्यांना चिठ्ठीवर 'रोज तीन लिटर पाणी' लिहून देतात. त्या चिठ्ठीबरोबर फडाच्या कडेला एक फिरते शौचालय आणि बाजारतळावर आतून कडी लागणारे एक दार मिळाले, तरच ते तीन लिटर पोटात जाणार आहेत.